काठावर एवढंच सांग

चंद्रा : हात लावू नगंस त्या बोचक्याला. सांगते काय हाय ते. आधी नाव जरा लांब जाऊ दे.

जयसिंग : बोचक्याचं राहू दे. तू नावेत कशी? आईनं दशम्या माझ्या हातात दिल्या होत्या, मी पिशवीत टाकल्या होत्या.

चंद्रा : आन मी पिशवीतनं काढून चुलीमागं ठिवल्या. मग आत्याला म्हणलं, बघ की, तुझा ल्योक शिदोरी इसरून गेला, पळत जाऊन देऊन येते.

जयसिंग : म्हणजे चोरी.

चंद्रा : व्हय, चोरी. सुपारी फुटल्यापासनं तुझ्याशी बोलायला दुसरी वाट कुणी ठिवलीया? तू सोप्यात, मी परसात. आई म्हणती, आता त्येचं नाव घ्यायचं न्हाई, ‘आवो’ म्हणायचं. लहानपणी तुझ्या पाठीत गुद्दं घातल्यात मी. आज तरी मला ‘आवो’ म्हणायचं न्हाई.

कान्हू : बाय, मधी बसा. नाव कलतिया.

जयसिंग : कान्हूदादा, जरा सावकाश वल्हव.

कान्हू : सावकाश कसं, धाकलं मालक? पयल्या खेपंला ट्रंक आन तात्यासायबास्नी सोडलं तवाच म्हणलं ते, पोरगं आईच्या पाया पडून आलं की बिगीनं आण. एसटी उभी करून ठिवलीया. हार हायेत, हलगीवालं हायेत. पलीकडं समदा गाव उभा हाय.

चंद्रा : दिसतोय. तुझं चुलतं तात्या हायेत, माझा बाप हाय. कान्हूदादा, तू वल्हव तुझ्या बेतानं. ह्ये पाणी संपंस्तवर बोलायला मिळंल, मग न्हाई.

जयसिंग : आई दारापर्यंतसुद्धा आली नाही गं.

चंद्रा : ती कशी यील? चांगल्या कामाला निघताना रांडमुंड बाईनं आडवं येऊ न्हाई, असं तिच्या डोक्यात बसलंय.

जयसिंग : मीच आत गेलो. भाकरी थापत होती. पिठाचाच हात डोक्यावर ठेवला. मग परात पुढं ओढून पुन्हा थापायला लागली.

चंद्रा : पीठ हाय अजून केसात. झटकू?

जयसिंग : नको. राहू दे.

चंद्रा : भ्या वाटतंय का?

जयसिंग : कशाचं?

चंद्रा : इमानाचं. एकट्यानं जायाचं. चार वर्सं.

जयसिंग : कॉलेजात सगळ्यांना सांगितलं, भीती कसली. तुला म्हणून सांगतो. वाटते. पट्ट्यानं बांधतात म्हणे खुर्चीला. खिडकी उघडत नाही. शेजारी कोण बसेल कुणास ठाऊक. जर्मनीत उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते पाठ केलंय. रोज म्हणतो. आणि आज सकाळपासून तेच आठवत नाहीये.

कान्हू : ते वर टिकलीवाणी चमकत जातंय, तेच का ते, मालक? त्यात माणसं असत्यात?

जयसिंग : असतात की. शंभर-शंभर.

कान्हू : आन खाली बघितलं की आमी दिसतू?

जयसिंग : नाही, कान्हूदादा. धरणसुद्धा दिसलं तर दिसलं.

चंद्रा : त्यो पट्टा, उतरल्यावर सोडत्यात का?

जयसिंग : सोडतात म्हणजे काय. सोडावाच लागतो.

चंद्रा : मग तुला काय झालंय? मला बांधतील त्यो सुटायचा न्हाई.

जयसिंग : चंद्रा, नुसती सुपारी फुटलीय. तीसुद्धा तात्यांनी अटच घातली म्हणून. सुपारी नाही तर जर्मनी नाही, असं तोंडावर सांगितलं त्यांनी. लग्न मी आल्यावर. चार वर्षांत काय होईल, कुणी सांगावं? तोवर तू पुण्याला ट्रेनिंगला जा. फायनलला केंद्रात पहिली आलीस, शाळेतल्या बाई स्वतः मामांकडं येऊन गेल्या. मास्तरीण हो. कोण अडवतंय?

चंद्रा : तुझा जरीचा फेटा कुटं हाय?

जयसिंग : काय मध्येच?

चंद्रा : सांग की. ट्रंकंत हाय?

जयसिंग : घातला होता. आईनं काढून घेतला. म्हणाली, तिकडं कोण बांधून देणार, घरी असू दे. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवून घेतेय बिचारी.

चंद्रा : आठवण न्हवं. तलवारीला बांधायचाय.

जयसिंग : कुठल्या तलवारीला?

चंद्रा : तुमच्या देव्हाऱ्यातल्या. मार्गशीर्षात मुहूर्त धरलाय तात्यांनी. पाटावर तलवार उभी करायची, तिला तुझा फेटा बांधायचा, मुंडावळ्या बांधायच्या. मधी अंतरपाट. ह्या अंगाला मी.

जयसिंग : काहीतरीच काय! खांड्याशी लग्न? ह्या काळात?

चंद्रा : तुझा खापरपणजा मोहिमेवर गेला व्हता, तवा त्येचं असंच लागलं व्हतं म्हणं. भटजी म्हणलं, आता तसं करत न्हाईत कुणी. तर तात्या म्हणलं, आमच्या घराण्यात करत्यात. पोरगं साता समुद्रापल्याड चाललंय, हीबी मोहीमच की.

जयसिंग : मला कुणी बोललं नाही.

चंद्रा : मला तरी कुणी सांगितलंय? भात निवडताना भिंतीआडनं ऐकलं. हातातलं सूप तसंच राह्यलं. लग्न लागलं की झालं. मग कसलं ट्रेनिंग आन कसलं पुणं! चार वर्सं डोईवर पदर घिऊन त्या घरात बसायचं. आन तू चाराची सहा केलीस, न्हाईतर तितंच एकादी गोरी बघितलीस, तर मी कुणाला इचारायचं? तलवारीला?

जयसिंग : आईला माहीत आहे हे?

चंद्रा : तिनंच मागितलंय.

जयसिंग : आईनं?

चंद्रा : तिला बोल लावू नगंस. तू गेल्यावर त्या एवढ्या घरात तात्या, तात्यांची बायकापोरं, आन ती एकली कोपऱ्यात. तिला जिवाभावाचं माणूस पायजे. माझी आत्या हाय, मला कळतंय तिचं. पर नवरा न्हाई, नुसती सासू मिळणार हाय मला.

जयसिंग : खरं सांगू? रागावू नकोस. आत्ता तू सांगितलंस तेव्हा आधी धक्का बसला. आणि मग मनात आलं, तू आईजवळ असलीस तर मला तिकडं झोप तरी लागेल.

चंद्रा : म्हंजे तुझ्या झोपंसाठी मी.

जयसिंग : तसं नव्हतं म्हणायचं.

चंद्रा : तसंच व्हतं. बरं झालं खरं बोललास. आता बोचकं सोड. सोड म्हणते न्हवं.

जयसिंग : अगं! ही देव्हाऱ्यातली! उचलून आणलीस? तात्यांना कळलं तर— अशी काठावर नको धरू! पडेल! चंद्रा, पाण्यात पडेल ती! आत घे म्हणतो ना, आत घे आधी!

चंद्रा : येवढ्या मोठ्यानं माझ्यासाठी वरडला असतास, तर नावेत चोरून यायची पाळी आली नसती माझ्यावर.

कान्हू : बाय, खरंच आत घ्या ती. धरणाचं पाणी चढाया लागलं तवा ह्यांच्या वडलांनी, थोरल्या मालकांनी, भाताच्या कणग्या तशाच सोडल्या आन ही तेवढी काखंला मारून नावेत बसलं. माझा बाप व्हता वल्ह्यावर. मालकांचं जुनं घर आत्ता आपल्या खालीच हाय.

चंद्रा : टाकीत न्हाई मी, कान्हूदादा. टाकून काय व्हणार? दुसरी आणतील. जयसिंग, नीट ऐक. काठावर उतरलास की ही तात्यांच्या हातात दे. समद्या गावादेखत सांग, हिच्याशी चंद्राचं लग्न लावू नगा, मी आल्यावर बघू. एवढंच सांग. मला आणखी काय नगं.

जयसिंग : माझा पासपोर्ट तात्यांच्या कोटात आहे.

चंद्रा : त्यास्नी कशाला दिलास?

जयसिंग : जपून ठेवतो म्हणाले. मुंबईपर्यंत येणारेत सोडायला, विमानाच्या दारात देतील. ट्रंक एसटीच्या टपावर चढलीसुद्धा असेल. मी तोंड उघडलं तर ती तिथंच खाली येईल.

चंद्रा : न्हाई यायची. येवढी माणसं गोळा केल्यात त्यांनी. पुतण्या इमानात बसणार म्हणून तालुक्यात मिरवल्यात. आता तुला माघारी नेलं तर हसं कुणाचं व्हईल? आज त्यास्नी तू गेलाच पायजेस. म्हणून तर आज सांग म्हणते.

जयसिंग : तुला तात्या माहीत नाहीत.

चंद्रा : मला तूच म्हाईत न्हाईस, असं वाटाया लागलंय.

जयसिंग : मी तिकडून पत्र टाकतो. पोचल्या पोचल्या. सगळं स्पष्ट लिहितो.

चंद्रा : वाचणार कोण? तात्याच. वाचून म्हणतील, पोरगं परमुलखात बावचळलंय, आन घडी घालून खिशात ठिवतील. मार्गशीर्ष काय थांबतोय व्हय तुझ्या पत्रासाठी?

कान्हू : मालक, काठ आला. गाळ हाय फुडं. बूट हातात घ्या.

जयसिंग : दे.

चंद्रा : काय?

जयसिंग : तलवार दे. घोंगड्यात गुंडाळून दे. सांगतो मी.

चंद्रा : खरंच?

जयसिंग : सांगतो म्हणलं न्हवं! आईची आण—

चंद्रा : आण नगं घिऊस. आत्याला मधी आणू नगंस. नुसतं सांग.

जयसिंग : तू येतेस वर?

चंद्रा : समदं बापय हायेत तितं. मी हितनंच बघते. दशम्या राह्यल्या बघ, घे. आन ते पाठ केलेलं पयलं वाक्य, ते आठवंल तुला. भिऊ नगंस.

(जयसिंग एका हातात बूट आणि एका हातात बोचकं घेऊन गाळातून काठ चढू लागतो. वर हलगी वाजू लागते.)

चंद्रा : कान्हूदादा, पाण्यावरच्या उन्हानं डोळं दिपत्यात माझं. तुला दिसतंय का?

कान्हू : दिसतंय. चढला वर. तात्यासायबांच्या पाया पडला. आता तुमच्या वडलांच्या पडतुय. हार घातला गळ्यात.

चंद्रा : बोचकं?

कान्हू : हाय हातात. बूट खाली ठिवलं. आता बोचकं फुडं केलं बघा.

चंद्रा : दिलं?

कान्हू : दिलं. तात्यासायब घोंगडं सोडत्यात.

चंद्रा : आता बोलंल.

कान्हू : तोंड उघडलंय खरं.

चंद्रा : बोलला? काय बोलला? ही मेली हलगी काय ऐकू दिना.

कान्हू : तात्यासायबांनी तलवार उपसली, बाय. वर धरलीया. मोठ्यानं सांगत्यात कायतरी. थांबा, ऐकू द्या. ‘बघा रं, पोरगं मोहिमेला निघालं, तर आपल्या हातानं लग्नाचा खांडा देऊन निघालं! ह्येला म्हणत्यात घराणं!’

चंद्रा : तसं न्हवं! तसं न्हाई ते! अरं सांग की त्यास्नी! कान्हूदादा, जयसिंग काय म्हणतोय?

कान्हू : तुमचं वडील डोळं पुसत्यात.

चंद्रा : जयसिंगाचं सांग!

कान्हू : हासतुय, बाय.

चंद्रा : नीट बघ.

कान्हू : मान खाली हाय. पर हासतुय. गुलाल उधळला त्येच्यावर.

चंद्रा : डोक्यावर?

कान्हू : डोक्यावर, अंगावर. वळखूबी यीना झालाय.

चंद्रा : केसात आत्याचं पीठ व्हतं.

कान्हू : आता काय दिसत न्हाई. गाडीत चढला बघा. तात्यासायब मागनं चढलं. खिडकीतनं हिकडं हात केला त्यानं.

चंद्रा : मला?

कान्हू : तुमालाच आसंल. हितं दुसरं कोण हाय?

चंद्रा : मीच शिकवलं, कान्हूदादा. तलवार हातात दे, म्हणून मीच सांगितलं.

कान्हू : गाडी सुटली. बाय, रडू नगा. कुशाबा गडी पळत येतुय खाली. हातात तलवार हाय, वर हार घातलाय, धाकल्या मालकांच्या गळ्यातला. काय रं कुशाबा? बरं, बरं. जपून न्हेतो म्हणावं. घरी न्ह्यायची हाय, बाय, देव्हाऱ्यात ठिवायला सांगितलीया. हितं फळीखाली सरकवू का? पाणी हाय पर जरा.

चंद्रा : खाली नगं. माझ्या शेजारी ठिव. आता ती जागा त्यांचीच हाय.