बैलाची भट्टी

न्हाई, तुम्हीच सांगा, ज्याच्या घरात आजोबापासनं गळ्यात तुळशीची माळ, जो माणूस शिंदीच्या झाडाखाली कधी सावलीला बी बसला न्हाई, त्याला अख्ख्या गावानं भट्टीवाला म्हणावं? बायका पाण्याला जाताना म्हणतात, "भट्टीवाल्याच्या घरावरनं चल, तिकडून जवळ पडतं." ऐकून राह्यलो मी. रोज ऐकून राह्यलो! अन् हे सगळं कुणापायी? याकूबसायबापायी. भोकरदनच्या ढोरांच्या दवाखान्यातले सलोतरी, म्हणजे ढोरांचे डाक्टर हो. पण मी त्यांच्यावर चिडलेलो न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. चिडायला जातो अन् चिडताच येत न्हाई. त्या माणसाला जवाब न्हाई.

त्याचं असं झालं... आमच्या पिंपळगावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, अन् त्या तोरणाखालून पहिला बैल जातो तो आमच्या घरचा. पणजोबापासनं मान आहे. पण मानाची एक अट आहे, बैल आपल्या पायानं गेला पाहिजे. धरून न्हाई, ढकलून न्हाई. ज्या साली आमचा बैल उभा राहिला न्हाई, त्या साली मान शेजारच्या भुजंगाच्या दारात, अन् एकदा गेला तर गेला, तो काय माहेरवाशीण आहे परत यायला? तर त्या वर्षी जेठात गावात खुरकुताची साथ आली. आमचा हरण्या त्यातनं वाचला, तोंड बरं झालं, खूर बरे झाले, पण खाणंच सोडलं गड्यानं. कडबा टाकला तर वास घेऊन मान फिरवायचा. आखाड निघाला तवर बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला. अन् भुजंग रोज सकाळी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहायचा, "कसं काय कडूबा, खातो का काही?" असं गोड विचारायचा की वाटायचं, ह्यालाच कडबा घालावा.

मानाचं मी सांगून राह्यलो, पण खरं सांगू? मला मानापेक्षा हरण्याचं वाईट वाटत होतं. वासरू होता तवापासनं माझ्या हातचं खाल्लेलं जनावर ते, अन् आता माझ्याच हाताकडं बघायचं न्हाई.

बुधवारी आमचा बाजार. बाजाराच्या दिवशी याकूबसाहेब घोड्यावरनं फेरीला यायचे. त्यांनी हरण्याची जीभ पाहिली, पापणी उलटी करून पाहिली, पाठीवर हात ठेवून जरा उभे राहिले, आपण पोराच्या पाठीवर ठेवतो तसा. मंग म्हणाले, "कडूबा, बीमारी गई. भूक मर गई है इसकी. खमीर देना पडता."

मी म्हणलं, खमीर म्हणजे ते पावरोटीत घालतात ते?

"वही. मगर अपन को ढेर सारा होना. भट्टी में मोहा सडाते ना, हौद के तळ में जो गाळ बैठता, वो सब खमीरच है. लोगां फेंक देते. विलायत में जानवरां को खिलाते."

आता बघा! दारूच्या हौदाचा गाळ, अन् तो खायचा कुणी, तर वेशीतल्या तोरणाखालून पहिला जाणाऱ्या बैलानं! अन् सांगतंय कोण, तर पाच वेळा नमाज पढणारा माणूस, जो दारूची गाडी दिसली तरी घोडा लांबून नेतो. मी म्हणलं, साहेब, तुमच्यात चालतं का हे? तर हसले अन् म्हणाले, "बैल का मजहब भूक है, कडूबा." त्या माणसाला जवाब न्हाई.

पुढच्या बुधवारी घासलेटचा डबा भरून तो गाळ स्वतः घोड्यावर बांधून घेऊन आले. स्वतः! सरकारी माणूस, चपराश्याला सांगितलं असतं तर भागलं असतं. डब्याचं झाकण उघडलं अन् असा वास सुटला की शेजारच्या म्हाताऱ्याला तरुणपण आठवलं. साहेब मला म्हणाले, "सुनो. पहले उबालना. बराबर उबालना, घंटाभर. ठंडा करना, बाद में मूठभर पेंड में मिलाना. कच्चा बिलकुल नक्को." तीन वेळा सांगितलं. मला समजलं न्हाई असं न्हाई, चांगलं समजलं. अन् साहेब गेले बाजारात दुसरी ढोरं पाहायला.

आमच्या घरच्या, सोनूबाई, त्यांनी लगेच पातेलं काढलं, चुलीत काड्या सारल्या. मी म्हणलं, थांब. काय करून राह्यली तू? म्हणे, "उकळते. सायबानं सांगितलं ना." म्हणलं, अगं शहाणे, भट्टीचा माल आपल्या घरी चुलीवर चढवला म्हणजे त्याला सरकारात काय म्हणतात? हातभट्टी म्हणतात! वास जाईल वेशीपर्यंत, आबकारीचा जवान येईल, पातेलं जप्त, मी जालन्याच्या जेलात, अन् गळ्यात माळ! ती म्हणाली, "मंग सायबाला विचारा की." म्हणलं, त्यात काय विचारायचं? जनावराच्या पोटात काय कमी ऊन असतं? तिथंच उकळंल.

तिथंच उकळलं! मूठभर सांगितलं होतं, मी दोन मुठी घातल्या, लवकर गुण यावा म्हणून. अन् हरण्यानं महिन्यात पहिल्यांदा जीभ काढून घमेलं चाटून पुसून साफ केलं हो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तासाभरानं हरण्याच्या बी डोळ्यांत आलं. डावी कूस अशी फुगली, अशी फुगली की थाप मारली तर ढोल वाजावा. पाय फाकलेले, मान ताणलेली, झोकांड्या खाऊन राह्यला. अन् दारात भुजंग! "अरे बघा रे, मानाचा बैल पिऊन आला!" गाव गोळा झालं. कुणी म्हणे लिंबू पाजा, कुणी म्हणे बैलाला घरी कशाला पाजायची, दुकानावर न्यायचा होता. अन् मी हरण्याचं शिंग धरून रडून राह्यलो, कारण ढोर असं फुगलं की किती वेळात मरतं हे मला ठावं होतं.

सोनूबाई पदर खोचून बाजारात पळाली अन् सायबाला घेऊन आली. साहेब आले ते कोट फेकूनच. हरण्याचे पुढचे पाय ओट्यावर चढवले, तोंडात लिंबाची काठी आडवी बांधली, बांबूच्या नळीनं गोडेतेलात हिंग पाजलं, अन् बाह्या सारून दोन्ही मुठींनी कूस मळायला लागले. घाम गळून राह्यला, दाढी भिजली. किती वेळ! मंग हरण्यानं ढेकर दिला. तुम्हाला सांगतो, एवढा ढेकर गावजेवणात ऐकला न्हाई मी. समोरच्या माणसांनी तोंडं फिरवली, फक्त सायबानं न्हाई फिरवलं. ते म्हणाले, "शाबास बेटा."

मंग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "उबाला था?"

मी म्हणलं, न्हाई. आबकारीच्या भ्यानं.

मला वाटलं आता चाबूक काढतील. काढायलाच पाहिजे होता. ते नुसते खाली बसले अन् म्हणाले, "गलती मेरी. घंटाभर बोला, मगर तू डरता किस को है, ये नहीं पूछा." आता सांगा! चूक माझी, जीव माझ्या बैलाचा, अन् चूक घेतली कुणी? त्या माणसाला जवाब न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, तीन दगडांची चूल मांडली. पिढ्यावर बसले, डब्यात उरलेला गाळ पातेल्यात ओतून स्वतः पळीनं ढवळत. वास तर असा गेला... अन् दुपारी आलाच! आबकारीचा जवान, महेबूब नाव, मिशा कानापर्यंत. त्याला कुणी सांगितलं ते मी म्हणणार न्हाई, पण भुजंग त्याच्या मागं उभा होता.

"किस की भट्टी है ये?"

मी हरण्याच्या आडोशाला सरकलो. साहेब पळी न थांबवता म्हणाले, "मेरी."

माझं नाव घेतलं न्हाई हो! नोकरी जायची पाळी, तरी न्हाई घेतलं.

"आप की? सलोतरी साहब, आप?"

"मैं पकाता. खाता बैल है."

"दारू बैल खाता?"

"दारू तो उड गई."

"किधर उड गई?"

"गाँव की नाक में. तेरी में भी गई थोडी, तभी तो आया."

महेबूबनं बोट बुडवलं, चाखलं, अन् असं तोंड केलं की मिशा खाली आल्या. कडू जहर! थुंकला, म्हणाला, "इस के वास्ते कोई जेल नहीं जाता." अन् निघाला. वेशीपर्यंत जाऊन परत आला, खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "साहब... मेरी घोडी भी दाना नहीं खाती." सायबानं त्याला गाडगं भरून दिलं. भुजंगाचं तोंड तेवढं बघायला पाहिजे होतं तुम्ही.

आठ दिवसांत हरण्या पेंड खायला लागला, पंधरा दिवसांत कडबा, अन् श्रावण सरला तवर अंगावर अशी चकाकी की झूल घालावी वाटेना. पोळ्याला तोरणाखालून गेला, आपल्या पायानं, मान वर करून. साहेब गर्दीत मागं उभे होते. मी त्यांना हाताला धरून पुढं आणलं अन् हरण्याचा कासरा त्यांच्या हातात दिला. गावात कुणी हूं की चूं केलं न्हाई. भुजंगानं बी न्हाई, कारण त्याच्या म्हशीला तवर माझ्याच अंगणातला खमीर चालू झाल्ता.

तिथंच बिघडलं ना! एकाची म्हैस, दुसऱ्याची शेरडं, पिंपळगाव सोडून चार गावांहून माणसं डबे घेऊन यायला लागली. चूल कधी विझतच न्हाई. अन् नाव पडलं, भट्टीवाला. मी सायबाला म्हणलं, तुम्हीच सांगा लोकांला, ही भट्टी न्हाई, दवाखाना आहे. ते म्हणाले, "बोलता, बोलता." अन् त्याच साली त्यांची परभणीला बदली झाली. मी निरोपाला भोकरदनला गेल्तो. नारळ दिला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, नव्या सलोतऱ्याला जवळ बोलावलं, अन् मोठ्या कौतुकानं ओळख करून दिली, "इन को याद रखना. ये अपने पिंपळगाव के कडूबा... भट्टीवाले."

सायबानंच म्हणल्यावर मी कुणाकुणाशी भांडू? तुम्ही बी कधी आलात तर या घरी. फक्त कडूबाचं घर कुठं म्हणून विचारू नका, कुणी सांगणार न्हाई. भट्टी कुठं, असं विचारा.