आजच्यापुरतं मागणं

दवाखान्याच्या बाकावर ठेचलेला अंगठा धरून बसलेल्या गवंड्याच्या कानावर शेजारच्या सासूसुनेचं बोलणं पडत होतं.

“आई, हल्ली चर्चमध्ये नुसत्या बसून असता. प्रार्थना का करत नाही?”

“काय मागू? पूर्वी रोज म्हणायचे, देवबापा, आजच्यापुरतं दे. आता तुम्ही दोघं कमावता, महिन्याचा किराणा भरलेला.”

“मग आभार माना.”

“ते दोन मिनिटांत उरकतं गं. आधी तासभर बोलणं व्हायचं आमचं.”

“म्हणून काय परत गरिबी मागणार?”

“मागितली की काल! मग तुझं लेकरू समोर आलं, जीव चरकला. म्हटलं, देवा, ऐकलं नाहीस असं समज.”

“अगंबाई! मग त्यानं कुठलं ऐकलं?”

“तेच कळेना. तू विचारून बघ ना.”

गवंड्याला आतून हाक आली. तो उठलाच नाही.