गाढवाचं शेपूट राहिलंय

हॅलो?… हो, मीच. बोल चिंगे… पोचलीस?… नाही? मग बसमधूनच का?… अगं ओरडू नकोस, हळू बोल. घरात सगळं ऐकू जातं.

काय विसरलं?… पाटी? ती काचेची?… बरं बाई, टॅबलेट. तुझे बाबा पाटी म्हणतात म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलंय… नाही, मला नाही दिसली. कोचावर नाही, जेवायच्या टेबलावर नाही… तुझी सगळी चित्रं, सगळं काम तिच्यात आहे, माहितीय मला. पण आत्ता नको. थोड्या वेळाने शोधते.

कुठे रडतेय? सर्दी आहे… अगं नाही म्हणते ना… बरं, रडतेय. झालं समाधान?

ऐक. मी बाबांच्या चित्रांच्या टेबलापाशी उभी आहे. ते गॅलरीत बसलेत, इकडे पाठ करून. माझ्या उत्तराची वाट बघतायत… कसलं उत्तर म्हणजे? तेच सांगते ना. मध्ये बोलू नकोस.

काल जेवताना तुमचं दोघांचं वाजलं. तुझं आपलं एकच, 'बाबा, आधी कागद आणि मग बाकीचं, हे सोडा आता. पहिल्या रेघेपासून काचेवरच काढा.' आणि त्यांचं एकच, 'कागदावर खोडलं तरी खूण राहते, म्हणून हात शिकतो. काचेवर चूक कुठे जाते ते चूक करणाऱ्यालाही कळत नाही.'… हो, हो, तुझंही बरोबर असेल. मी कुणाच्या बाजूने नाही. मला तेव्हा फक्त ताटं उचलायची होती.

तर सकाळी तू गेलीस आणि मला म्हणाले, 'त्या गोष्टीच्या पुस्तकातलं शेवटचं चित्र आज काढतो. गाढवावर बसलेली मुलगी. जमलं तर जमलं. नाहीतर टेबल नेऊ दे त्याला.'… त्याला म्हणजे जुन्या फर्निचरवाल्याला. बोलावून ठेवलाय दुपारी… तुला कसे सांगतील? तू असताना एक शब्द काढला नाही. डोळ्यांचंसुद्धा तुला अर्धंच सांगितलंय.

मधलं दिसतच नाही गं आता. कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाच्या बाजूला बघतात. पेन्सिलीची रेघ दिसेनाशी होऊन किती दिवस झाले. हाताच्या अंदाजाने काढतात आणि विचारतात, 'जुळली का गं?' मी म्हणते, जुळली… कधी जुळलेली असते. कधी नसते.

ऐक आता पुढे. बसले. जाडजूड कागद घेतला, फळीवर चिकटपट्टीने नीट बसवला. मी दारातून बघत होते. पूजेला बसावं तसे बसले होते गं! पाठ ताठ, तोंडाने गुणगुणणं चालू. हात असा चालला होता, की मला वाटलं आपल्याला मध्ये बरीच वर्षं झोप लागली होती आणि आत्ता जाग आली. खोडायचं, फुंकर मारून भुगा उडवायचा, परत काढायचं. सगळं तसंच. मग उठले, म्हणाले, 'झालं. बघ आणि आज खरं सांग. माझी लाज राखू नकोस.' आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी बघितलं. चिंगे… कागद कोरा आहे.

कोरा म्हणजे कोरा! रबर घासल्याचे डाग आहेत, रेघ एक नाही. पेन्सिलीला शिसंच नव्हतं बहुतेक. आणि त्यांना कळलं नाही… कसं कळणार? नसलेली रेघ आणि न दिसणारी रेघ, त्यांना दोन्ही सारख्याच… आता जाऊन काय सांगू मी? अख्खी सकाळ तुम्ही नुसताच हात फिरवलात, असं सांगू? 'देवा, तूच काय ते माझ्या तोंडून बोल' असं म्हणत होते, तर तुझा फोन वाजला. आणि तुला तुझी पाटी हवीय!

कोणती पेन्सिल?… ही काय, इथेच आहे. पांढरी. नवीनच दिसतेय, ह्यांनी कधी आणली कोण जाणे. जाड आहे जरा. टोक बोथट, प्लॅस्टिकसारखं… काय? काय झालं?… अगं बसमध्ये आहेस तू, लोक काय म्हणतील…

कागद उचलू? कशाला?… बरं, उचलते, उचलते. चिकटपट्टी काढावी लागेल. फोन खाली ठेवते, थांब…

…

…

हॅलो… आहे. इथेच आहे मी… नाही, पडले नाही. खुर्चीत बसलेय.

चिंगे… गाढव आहे.

खाली फळी नाही गं, तुझी पाटी आहे! फळी समजून तिच्यावरच कागद चिकटवला त्यांनी… हो, चालू आहे. लख्ख. आणि तिच्यात गाढव आहे. मुलगी आहे. सगळं आहे!

थांब, मला नीट बघू दे… रेघ कशी आहे म्हणून काय विचारतेस? तीच. तुझ्या लहानपणी पुस्तकांत असायची तीच. कुठे कापली नाही, कुठे अडखळली नाही. गाढवाचे गुडघे बघ… बघ काय, तुला कसं दिसणार. थकलेलं गाढव आहे गं, पण समजूतदार. आणि वर ती मुलगी, हनुवटी उचलून बसलीय, जसं काही सगळा रस्ता तिच्याच मालकीचा. तू आहेस ती… मी आई आहे, मला कळतं.

एक गंमत ऐक. गाढवाला तीन कान आहेत!… अगं खरंच. त्यांनी रबर घासलं ते कागदावर. खाली काही पुसलंच गेलं नाही. आधी काढलेला पडका कान तसाच आहे, आणि त्याच्यावर नंतरचा, उभारलेला… पण विचित्र नाही दिसत. कान हलतोय असं वाटतं. लांबून कोणी हाक मारली आणि गाढवाने आत्ता, ह्या क्षणी, कान टवकारला… बाबा म्हणाले होते ना, चूक कागदावर राहते, काचेवर नाहीशी होते? घे. कागद कोरा आणि चूक काचेत. आता भांडा दोघं.

शेपूट नाहीये मात्र. कागद मोठा आणि तुझी पाटी लहान. पाटी संपली तिथे गाढव संपलं. मागचा एक पाय पण अर्धाच आहे.

कसं म्हणजे?… हं… हं… ही पांढरी पेन्सिल म्हणजे तुझ्या पाटीचं पेन? आणि ते कागदातूनही पोचतं? आणि रात्रभर विझली नाही ती?… हो, खरंच, काल बोलता बोलता काळी पडते म्हणून बाबा करवादले तेव्हा तूच काहीतरी दाबलंस. चार्जिंगलाही ह्याच टेबलावर लावून ठेवली होतीस?… म्हणजे चिंगे, तू ही विसरलीस का ठेवलीस?… खरं सांग… बरं, नको सांगूस.

यंत्राचं मला कळलं. पेन कागदातून पोचतं, पोचत असेल. पण डोळ्यांशिवाय हात पोचला तो कुठून गं? काढताना त्यांना दिसत नव्हतं. दारात उभी राहून मलाही दिसत नव्हतं. आणि खाली सगळं साठत होतं, एकेक रेघ. कोणीतरी खाली ओंजळ धरून बसल्यासारखं… मी रडत नाहीये. आता खरंच नाही. अंगावर काटा आलाय बघ.

हो, सांगते ना त्यांना. पण दिसणार कसं? इवलीशी रेघ… मोठं करायचं? दोन बोटांनी? नको बाई, माझ्या हातून पुसलं गेलं तर… नक्की?… अय्या, आलेच ते.

म्हणतायत, 'एवढा वेळ उत्तर आलं नाही, म्हणजे कळलं मला.' अहो, काही कळलेलं नाही तुम्हाला. बसा… बसा म्हणते ना. फोनवर चिंगी आहे. हा घ्या तुमचा कागद. कोरा आहे. लाज राखायची नाही ना? मग कोरा आहे. आता खाली बघा. सरळ नको, तुम्ही बघता तसं कडेने बघा.

हं चिंगे, दोन बोटं ठेवली… फाकवली… अगं बाई! केवढं झालं! कानच नुसता माझ्या तळहाताएवढा!

…

मान वाकडी केलीय त्यांनी… आता दुसऱ्या बाजूने… आता रेघेवरून बोट फिरवतायत. चालेल ना?… सरकतंय चित्र. सरकू दे म्हणतेस? बरं.

…चिंगे. त्यांना दिसतंय.

कसं कळलं म्हणजे? मला विचारलं नाही ना त्यांनी, 'जुळली का' म्हणून! बोट बरोब्बर रेघेवरून चाललंय, गाढवाच्या कपाळावरून नाकापर्यंत… कोरा कागद उजेडाकडे धरून बघतायत आता. हसतायत! खांदे हलतायत… नाही गं, हसतायतच. बरं, दोन्ही. दोन्ही चालू आहे.

काय म्हणालात?… म्हणतायत, 'हा पडका कान मी खोडला होता.' अहो हो, खोडला होतात, पण राहिलाय. चिंगी म्हणते पुसता येईल तिथल्या तिथे… 'खबरदार,' म्हणतायत. 'ऐकतंय ते गाढव. ऐकू दे त्याला.'

अगं बेल वाजली. थांब, ठेवू नकोस… कोण?… हां, टेबल न्यायला का? अहो भाऊ, टेबल नाही द्यायचं… हो, बोलावलं होतं, खरं आहे, तुमचा हेलपाटा झाला. पाणी घेता का?… नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. टेबल कामात आहे. गाढवाचं शेपूट राहिलंय अजून… गाढवाचं हो, गाढवाचं!… काय चेहरा केला त्याने, चिंगे. गेला आपला जिने उतरत.

हं, बोल. तुझी पाटी?… ती आता सुटेल असं वाटत नाही मला. आठवड्याने ये, बघू… काम अडेल? मग तोवर कागदावर काढ की! बाबा म्हणतायत, तिला म्हणावं रबर जपून वापर… हसतेस काय, मनापासून म्हणतायत.

आणि चिंगे, ऐक ना… काल तू इतकं बोललीस, ते… नाही, काही नाही. बरं झालं भांडलीस, एवढंच म्हणत होते.

थांब हं. आतून कसला आवाज येतोय… खर्र खर्र… पेन्सिल बोथट आहे म्हणाले होते मघाशी. शेपटीचे केस काढायला म्हणे बारीक टोक लागतं… अगं बाई, हातात पातं आहे त्यांच्या! अहो! अहो, तिला टोक नसतं करायचं! ती पेन्सिल नव्हे, ती पोरीची… चिंगे, ठेवते गं, ठेवते…