तोंडानं टायपिंग

मपलं माहेर देगलूरकडचं. आई घरात अर्धं तेलुगू बोलायची अर्धं मराठी, बाप म्हणायचा एक काहीतरी धड बोल, पण ती कशाला ऐकती. आम्ही लेकरं दोन्हीत वाढलो, शाळेत बोलले की पोरी हसायच्या, म्हणून मी आपली गप राहायची. बापानं टायपिंगच्या क्लासला घातलं तवा काय सांगू तुम्हाला, लई बरं वाटलं. तोंड बंद, बोटं चालू. त्या मशीनच्या खडखडाटात जीव शांत व्हायचा.

लग्न होऊन अहमदपूरला आले. मालक मोंढ्यात मापाडी, बाजारात धान्य मापायचं काम. तहसीलच्या बाहेर पत्र्याचं दुकान टाकलं, आदी मशीन, मग कॉम्प्युटर. अर्ज, शपथपत्र, लग्नाच्या पत्रिका. माणूस बाजूला बसून सांगायचा, मपली बोटं पळायची, वर बघायचं काम न्हाई. लेक शिकली, लातूरला नांदायला गेली, सगळं ह्याच बोटांवर.

अन् लेकीकडं जातानाच ऑटो पलटी झाला. उजव्या खांद्यातली नस गेली. डॉक्टर म्हणले बाई, हात राहील, पण काम करणार न्हाई. हा बगा, मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहतो, परक्याचा असल्यावानी. दुकान बंद. घरात नुसत्या येरझाऱ्या, मालक म्हणायचे बस की घडीभर, मला बसवत न्हवतं, बाई. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्या भिंतीपासून ह्या.

मग लेक आली, म्हणली आई, कॉम्प्युटरला बोललेलं कळतंय आता, तू बोल, ते लिहितंय. मी म्हणलं मपलं बोलणं माणसांना कळंना, त्याला काय कळतंय. तिनं माइक लावला अन् म्हणली बोल. मी बोलले, तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी. अक्षरं आपोआप उमटली. मला रडूच आलं.

दुकान परत उघडलं, पण काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून फजिती. न्हाई म्हणलं की त्याला कळंना, पुस्तकातल्यावानी नाही म्हणावं लागतंय. स्वल्पविराम म्हणलं की तेवढा शब्दच लिहून ठेवतंय. आडनावं तर इचारूच नका. पंखा लावला की गडबडतंय, बाहेर ट्रक थांबला की भलतंच लिहितंय. एकदा चहावाला आला, म्हणला मावशी दोन कट का एक बिनसाखरेचा, ते सगळं वारसाच्या अर्जात शिरलं. गिऱ्हाईक वाचून म्हणलं, साहेबाला चहा पाजायलात का. हसले सगळे, मी बी हसले, पण आतून बेजार. दिवसभर ओरडून घसा बसायचा.

तशात ती बाई आली. खरं नाव सांगत न्हाई, आपण अनुसया म्हणू. नवरा वारलेला, दिराच्या घरात एक खोली तिची, अन् त्या खोलीच्या दाराला आतून कडी न्हवती, दिरानंच काढून टाकलेली. हे तिनं मला कानात सांगितलं. पोलीस ठाण्यात द्यायला अर्ज पायजे म्हणली. आता कानातलं त्या माइकला काय ऐकू येणार? त्याला तर मोठ्यानं पायजे.

मी सुरू केलं, मी खाली सही करणार, माझे पती वारल्यानंतर माझा दीर. अन् थांबले. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं एकदम गप झाली होती. त्यातला एक तिच्याच गावचा, त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. अनुसयानं टेबलाखाली मपला गुडघा घट्ट धरला, म्हणली राहू द्या, उद्या येते. उद्या येते म्हणणाऱ्या बाया मी लई बघितल्यात, बाई. त्या येत न्हाईत.

काय सुचलं कोणास ठाऊक. माइक बंद केला अन् त्याच दमात पुढं बोलले, माझा दीर व मी ज्या गल्लीत राहतो तेथील नळाला पाणी येत नाही. मोठ्यानं, रोजच्यावानी. अन् डाव्या हातानं, एकेक अक्षर हुडकत, खरं लिहायला लागले. तोंडानं नळ, पाइप, ग्रामपंचायत. बोटानं दीर, दार, कडी. सोपं न्हवतं, एकदा चुकून दिराच्या जागी नळच आला, तो पुसला. घाम सुटला. बाकड्यावरचा तो माणूस म्हणला, हाव, पाणी न्हाईच येत आमच्याकडं, मपलं बी नाव घाला. मी म्हणलं थांबा भाऊ, तुमचा नंबर आला की येगळा करू. गुडघ्यावरचा अनुसयाचा हात ढिला झाला. अर्ज छापला, उलटा धरून तिला दिला, तिनं तिथंच सही केली, पदराखाली घेतला अन् गेली.

गावाला कळलं, पण अर्ज ठाण्यात पोचल्यावर. दिराला बोलावणं आलं. लोकं अजून तिलाच नावं ठेवतात, दीर बी तिथंच राहतोय, काही त्याचं घर उन्हात न्हाई बांधलं कुणी. पण दाराला आतून कडी बसली. मधी अनुसया येऊन मेथीची जुडी ठेवून गेली.

आता लोकं इचारतात, मावशी, हे बोलायचं यंत्र चालतंय का, आम्ही बी घ्यावं का? मी म्हणते चालतंय. लांबलचक मजकूर तोंडानं, नावं अन् गट नंबर डाव्या हातानं, अन् कुणी कानाशी आलं तर माइक बंद. पण जुनी शांती काही न्हाई त्याच्यात. बोलताना मला बसवत न्हाई, वायर पुरंल तेवढं फिरत राहते. घरी गेले की एक शब्द बोलत न्हाई, मालक म्हणतात रुसलीस का. रुसू कशाला. दिवसाचं बोलणं संपलेलं असतंय.

असू द्या. भाकर मिळायलीय. तुम्ही एवढं लिहून घेतलंत, वर बी न बघता, बोटं कशी पळायलीत तुमची. तुमचे दोन्ही हात शाबूत राहू द्या, बाई.