निष्पाप म्हणू नका

"हॅलो? … कोण, गौतमी? … बरं झालं, मीच करणार होते फोन."

विनयाने गॅस बंद केला आणि फोन घेऊन ती मागच्या गॅलरीत गेली. बापूकाकांच्या खोलीचं दार सोमवारपासून बंद होतं.

"पत्ता तू दिलास ना त्यांना? … नाही, आधी एवढंच सांग. दिलास की नाही? … झालं तर मग."

गौतमीचे वडील नागनाथ आणि बापूकाका वर्ध्याला शेजारी वाढलेले, जिवलग मित्र. स्वतःची आई गेल्यावर चोविशीतले बापूकाका काही महिने माडीवरून खाली उतरले नव्हते. नागनाथांनी त्यावर कादंबरी लिहिली. तिच्यातला माडीवरचा मुलगा कुणाशी बोलत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही, आणि शेवटी मरतो. कादंबरी गाजली. शाळेच्या पुस्तकात तिचा धडा आला, आणि ते 'निरागसतेचं प्रतीक' बघायला पोरं माडीखाली जमू लागली. मग मात्र वर्ध्यात असेपर्यंत बापूकाकांनी खाली उतरणं सोडलं. बारा वर्षांपूर्वी विनया आपल्या या काकांना जयपूरला, आदर्श नगरातल्या घरी घेऊन आली.

"अगं, ऐक ना… इथे ते रोज राजा पार्कच्या बाजारात जात होते. एकटे. काकडी कडू निघाली म्हणून भाजीवाल्या भैयाशी भांडून आलेत… हो, तेच. भांडतात ते… पुस्तकात नसेल."

"पुस्तकाला पन्नास वर्षं होऊ देत नाहीतर शंभर… शाल नको, सत्कार नको… कॅमेरा घेऊन दोघं फाटकात उभे होते, गौतमी. समोरच्या शर्माजींना विचारत होते, वो मासूम आदमी यहीं रहते हैं क्या. आणि काका त्यांच्या मागेच, भाजी घेऊन. पिशवी तिथेच टाकली त्यांनी… आज पाचवा दिवस… जेवण दाराबाहेर ठेवते मी… प्रेमाने लिहिलं? असेल. त्या प्रेमात जिवंत माणूस मारला तुझ्या बाबांनी, आणि वर बक्षिसं घेतली."

तिचा आवाज बराच चढला होता. मागे कडी वाजली. दाढीचे खुंट वाढलेले बापूकाका दारात उभे होते. कोण आहे हे न विचारताच त्यांनी हात पुढे केला. विनया घुटमळली, मग तिने फोन दिला.

"गौतमी, बापूकाका बोलतोय… रडू नकोस, ऐक… पुस्तक पुन्हा छापायचं तर छाप. फक्त मला निष्पाप म्हणू नका. तुझ्या बापाने शेवटच्या आजारात मला तीनदा पत्र पाठवून बोलावलं… तुला माहीत नसणार… नाही, तब्येत चांगली होती माझी. तिकीटही काढून मिळालं असतं. मुद्दाम गेलो नाही. बघू दे वाट, म्हटलं… हो, शुद्ध होती तोवर बघितली असेल त्याने… हे घाल तुझ्या प्रस्तावनेत."

फोन विनयाकडे देऊन ते खोलीत गेले. पलीकडे गौतमी अजून होती.

"मी विनया बोलतेय… नाही, खोटं नाही सांगत ते. तिन्ही पत्रं मी वाचली होती… नाही, 'जा' असं नाही म्हटलं मी काकांना… का म्हणजे? त्यांनी जावं असं मलाही वाटत नव्हतं."

आणि विनयाने फोन ठेवून दिला.