खरबडीत फरशी

मालेगावच्या स्टँडवर मी रिसोडच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"काहून रे दिनेश, नव्या घरात खरबडीत फरशी कायले टाकली?"

"साऱ्या घरात नाही. बाबाच्या खाटेपासून बाहेरच्या ओट्यापर्यंत एकच पट्टा हाय. बाकी गुळगुळीत."

"मिस्त्री हसला असन."

"हसला ना. पण माही पोरगी सुप्रिया आर्किटेक्ट हाय, तिनं नकाशातच तसं काढलं होतं. म्हणे, आबाचे डोये गेले, पाय तं हायेत. पायाले खरबडीत लागलं का समजायचं, वाट बरोबर हाय."

"मंग, जमलं काय त्याईले?"

"पहिले तं उठतच नव्हते. म्हणे, पडलो तं कोन उचलन मले?"

"मंग?"

"आज सकाळी खाटेवर दिसलेच नाही. धावत बाहेर गेलो, तं ओट्यावर उन्हात बसून होते."

"एकटे?"

"एकटे. माह्या पायाचा आवाज आला तं म्हणे, 'इतक्या उशिरा उठतं काय रे? जाय, चहा आण.'"