सतरंजीवरनं खाली उतरा

माझं नाव गयाबाई. माहेर पालीकडचं आन् सासर हे, नेकनूरच्या अलीकडचं. लगीन झालं तवा मी इत्तुशी होते, सासूच्या कडंवर बसून घरात आले म्हना की, आन् आता बघा, तोंडात दात न्हाई, डोळ्याला नीट दिसत न्हाई, पर बोलायचं म्हन्लं तर मी कुनाला ऐकत न्हाई. तुमी लिहा. हळू लिहा, मी काय कुठं पळून जात न्हाई.

माझा बाप आमच्या मांगवाड्यात पंच होता. भांडन असू द्या, काडीमोड असू द्या, पंच घोंगडी हातरून बसायचे. आन् उभं ऱ्हानाऱ्यात जर एकाद्या पंचाचा सोयरा निघाला, तर त्या पंचानं आपनहून घोंगडीवरनं उतरायचं, पायात वहाना घालायच्या आन् लांब जाऊन बसायचं. कुनी सांगायची गरज न्हाई. माझ्या सख्ख्या चुलत्याचं भांडन आलतं, तवा बाप आसाच उठला, मी डोळ्यानं बघितलंय. चुलता म्हनला, दादा, तू कावून उठायलास, तू तर माझा हायस. बाप म्हनला, म्हनूनच उठायलो. चुलता हरला त्या दिशी आन् वरीसभर बापासंग बोलला न्हाई. बापानं बी मनधरनी केली न्हाई. लई ताठ मानूस होता. मी त्येच्यावर गेले, आसं माझी आई म्हनायची, कौतुकानं न्हाई बरं का, कपाळावर हात मारून म्हनायची.

सासरी काम हलगीचं. सरकारी हुकूम आला की आमच्या घरच्यांनी, म्हंजे माझ्या मालकांनी, वेशीत, पारावर, चावडीम्होरं हलगी वाजवून दवंडी द्यायची. देवी टोचायला मानूस येनार, द्या दवंडी. कुनाची म्हस हरवली, द्या दवंडी. तवा निजामाचं राज होतं, कामाचा गुत्ता, म्हंजे ठेका, द्यायचा म्हन्लं, रस्त्याचा का विहिरीचा, तरी आधी दवंडी द्यायची, मंग चावडीम्होरं हर्रास व्हायची, जो कमी बोलंल आन् चांगलं काम करीन म्हनंल त्याला गुत्ता. दवंडी ऐकली तरच चार गावचे मानसं येनार, न्हाई ऐकली तर एकटाच येनार. समजलं का तुमाला? सारी मेख त्यात हाय.

हलगी खुंटीला असायची. बाईमानसानं तिला हात लावायचा न्हाई. सासू सांगायची, हात लावला तर घरधन्याचं वंगाळ होतं. मी इचारायची, कावून? ती म्हनायची, गप बस. पर सासू चांगली होती माझी. गरीब गाय न्हाई, भांडायची, पर आधी माझ्या ताटात वाढायची आन् मंग भांडायची.

गावाच्या वरच्या अंगाला तलाव हाय, त्येच्या बांधाखाली आमची वस्ती. तिथं दुसरं कुनी राहीना म्हनून आमाला जागा दिली. बांध जुना झालता, सरकारनं दुरुस्तीचा गुत्ता काढला, आन् त्यो एका गुत्तेदाराला मिळाला. कसा मिळाला? त्या वेळंला दवंडीच झाली न्हाई. पाटलानं आमच्या घरच्यांला वेठीला धरलं, कुन्या साहेबाचं सामान डोक्यावर देऊन मोमिनाबादला धाडलं, म्हंजे आपलं अंबाजोगाई. ते परत आले तवर हर्रास उरकलती. बोलीला एकटा गुत्तेदार. आन् हर्रास घ्यायला तहसिलातनं आलता त्यो पेशकार, तहसीलदाराचा कारकून, कोन? गुत्तेदाराचा मेव्हना. पेशकाराची सख्खी बहीन गुत्तेदाराला दिलेली, लग्नात आमच्याच घरच्यांनी हलगी वाजवलती, मी मांडवाच्या मागं उष्ट्या पत्रावळीपशी बसून जेवले, मला कोन शिकवतंय.

माती टाकली की पानी मारून मारून कुटावी लागती. त्येनं कोरडी माती ओतली, वरनं दगड लावले की झाला बांध. आन् बांध बघायला आलं कोन, तर त्योच पेशकार. गुत्तेदाराच्या राहुटीत जेवला, बांधावर पाय न ठेवता चांगला झालाय म्हनून निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला. भर दुपारी. सासूनं लेकरू माझ्या हातात दिलं आन् मला वर ढकललं, ती शेरडी सोडायला परत आत गेली. ती गेलीच. शेरडी बी गेली. दोन ओढे खाली जाऊन सापडली सासू, दाव्याचं टोक तिच्या मुठीत होतं. तुमी म्हनाल इतके वरीस झाले. झाले असतील. मला अजून संताप येतो. पान्याचा न्हाई येत, पान्याला काय कळतंय, त्या जेवून गेलेल्या पेशकाराचा येतो.

मंग काय, फुटला बांध, पुन्हा गुत्ता निघाला. पाटलानं घरच्यांला चावडीवर बोलावलं आन् म्हनला, अमुशाच्या दुसऱ्या दिशी बांधाची हर्रास हाय, दवंडीचं मी बघतो, तू साहेबाचं सामान घेऊन मोमिनाबादला जा. पुन्हा मोमिनाबाद! घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. मी म्हन्ले, जाऊ नका. ते म्हनले, पाटलाला न्हाई म्हनायचं म्हंजे गाव सोडायचं, लेकरं घेऊन कुठं जातीस बोल. खरं होतं त्यांचं. वेठीला न्हाई म्हनायची सोय नव्हती तवा. निघताना त्यांनी खुंटीकडं बघितलं आन् गेले.  आता मी त्या बघन्याचा माझ्या सोयीनं अर्थ लावला, आसं तुमाला वाटंल. वाटू द्या.

म्या हलगी खाली काढली. चुलीम्होरं धरून कातडं तापवलं, त्यांला करताना बघितलं होतं तसं. शेजारच्या बाया धावून आल्या, गये, येडी झालीस का, नवरा वाटंवर हाय, त्येला काय झालं म्हंजे? म्या म्हन्लं, सासू मेली तवा ह्या हलगीला कुन्या बाईनं हात लावला होता? सांगा की. मंग मरन कुनी आनलं? बाया बाजूला झाल्या.

वाजवता काय येत नव्हती मला. नुसतं बडबडबडबड बडवत सुटले. वेशीत उभी राहिले, ऐका हो ऐका, अमुशाच्या दुसऱ्या दिशी तलावाच्या बांधाची हर्रास हाय, सरकारी गुत्ता हाय, ज्याला यायचं त्यानं या हो. लोक हसले. पोट धरून हसले. चावडीपशी पाटलाचा गडी वरडला, ए बाई, हलगी ठेव खाली. म्या म्हन्लं, घे की हातातनं, शिवतोस का? त्यो मागं सरला. आमाला शिवायचं न्हाई म्हनून जलमभर लांब ठेवलं, त्या दिशी पहिल्यांदा ते माझ्या कामाला आलं.

तशीच नेकनूरच्या बाजारात गेले. तिथं बी आधी हसले, मंग ऐकाय लागले. तिथं वडारांचा तळ पडलेला, मातीकामात जलम गेलेले मानसं. त्यांचा नाईक म्होरं आला, म्हनला, बाई, पुन्यांदा सांग, कोन्च्या गावाला? म्या पुन्यांदा सांगितलं. माहेरी पालीला बी जाऊन आले. हात सुजला माझा.

हर्रासीच्या दिशी तहसीलदारसाहेब सोता दौऱ्यावर आलते. चावडीम्होरं लिंबाखाली सतरंजी हातरली, मधी साहेब, एका अंगाला पाटील, दुसऱ्या अंगाला पेशकार. पांढरेधोप कपडे घालून गुत्तेदार समोर. आन् मंग आले की लोक! वडार आले, नेकनूरचे आले, पालीचे आले. पाटलाचं तोंड उतरलं. पेशकार साहेबाच्या कानाशी लागला, हुजूर, दवंडी पाटलानं रीतसर दिली होती, नंतर एक बाई हलगी घेऊन बोंबलत फिरली, बाईची दवंडी ती दवंडी नव्हं, ह्या भायेरच्या लोकांला बोली करता येनार न्हाई.

साहेब म्हनले, कौन है वो औरत? मी लांब, चावडीच्या पायरीच्या खाली उभी होते.   म्या म्हन्लं, मी हाय सरकार. पाटलाची दवंडी कुनी ऐकली ते इचारा. साहेबांनी इचारलं. एक बी हात वर झाला न्हाई. आन् हिची? तर सगळ्यांचे हात वर, पोट धरून हसलेल्यांचे बी.

पेशकार तडकला, म्हनला, चल निघ, सरकारी कामात तुझं काय काम? तवा मला माझा बाप दिसला, खरंच सांगते, वहाना घालताना दिसला. म्या म्हन्लं, सरकार, आमी अडानी मानसं, पर आमच्यात सोयऱ्याचं काम निघालं की पंच घोंगडीवरनं उतरतो. तुमच्या सतरंजीची तशी रीत न्हाई का? गुत्ता मागनारा गुत्तेदार, त्येला बहीन देनारा पेशकार, गुत्ता देनारा पेशकार, आन् बांध बघायला येनारा त्यो बी पेशकारच. मंग बांध फुटंल न्हाई तर काय व्हईल? माझी सासू त्यांच्या सोयरपनाखाली मेली, सरकार. त्यांला म्हनावं, सतरंजीवरनं खाली उतरा.

 साहेबांनी पेशकाराकडं बघितलं, सच है क्या? पेशकार म्हनला, हुजूर, ते नातं घरचं हाय, हे सरकारी काम हाय. साहेबांनी पुन्हा तेच इचारलं. त्येनं मान खाली घातली. साहेब म्हनले, उठो.

आन् त्यो उठला. सतरंजीवरनं उतरला, जोडा घालायला वाकला तर डावा पाय उजव्या जोड्यात घालाय लागला, सगळं गाव बघायलंय, आन् मंग उन्हात जाऊन उभा राहिला. साहेबांनी तिथंच हुकूम दिला, पेशकारानं ह्या बांधाकडं फिरकायचं न्हाई, काम बघायला दुसरा मानूस येईल. हर्रास झाली, गुत्ता वडारांच्या नाइकाला मिळाला.

आता तुमाला वाटंल, गोड झालं. न्हाई. पाटलानं आमचं बलुतं बंद केलं, खळ्यावर उभं राहू देईना. घरचे मोमिनाबादहून आले, वाटंवरच लोकांनी त्यांला सारं सांगितलं. घरात येऊन त्यांनी हलगी काढली, हात फिरवला. मी आपली मार खायच्या तयारीनं बसले. ते म्हनले, कातडं लई तापवलंस गं. बास, एवढंच. मंग आमी दोघं वडारांसंग त्याच बांधावर पाट्या वाहायला गेलो. माती टाकली, पानी मारलं, कुटली. मी कुटली. एकेक ठोका पेशकाराच्या नावानं घातला म्हना. जावा बघून या, त्यो बांध अजून हाय.

निजाम गेला, पेशकार गेले, आमचे घरचे बी गेले. आता हलगी वाजत न्हाई, पंचायतीच्या दाराला कागद चिकटवत्यात. मी काठी टेकत जाते आन् मास्तराला म्हनते, मोठ्यानं वाच. परवा शाळंच्या खोलीचा गुत्ता निघाला. म्या सरपंचाला भर सभेत इचारलं, ह्यो गुत्तेदार तुझा कोन? त्यो हसला, म्हनला, आजी, साडू हाय माझा, घरचाच मानूस. म्या म्हन्लं, मंग उतर बाबा खुर्चीवरनं. सगळे हसले. हसू द्या, मला लोकांच्या हसन्याची सवं हाय. त्या खोलीत माझी पनती बसनार हाय.

अजून उतरला न्हाई त्यो. मी रोज सकाळी जाऊन दारात बसते, बोलत काय न्हाई, नुसती बघते त्येच्याकडं. आता तुमी बी जावा, ऊन व्हायच्या आत घर गाठा, देव तुमाला मोठा आवाज देवो. आन् जाताना तेवढी ती काठी द्या माझ्या हातात, पंचायत उघडायची येळ झाली.